एक्केचाळिसावी विनंती

विश्रांतवाडी, पुणे
गुरुवार, २३ जानेवारी २०२५

आमोद,

तुला आईचा सलाम. घेणार असशील तर घे.

संजयकाकांनी दोन रिंग देऊन फोन ठेवला, तेव्हाच समजलं की तू त्यांच्याकडे जालन्याला पोचलास. फोन बंद केला आहेस तो बंदच ठेव. मीही फोन करणार नाही. काही कळवायचं झालं तर पत्र. हल्ली पत्राला कोण विचारतं? पोस्टात पाकीट मागितलं तर त्या मुलीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव घालत नाही, अक्षरावरून ओळख. जेवणाची आबाळ करू नकोस आणि दम्याचा पंप खिशात ठेव, तिकडे धूळ फार.

पप्पा गेल्यापासून दोन वर्षांत तू या घरात चार वेळा आलास आणि चारही वेळा दारातूनच गेलास. त्यामुळे शनिवारी सकाळी साडेसहाला बेल वाजली आणि दारात तू दिसलास, तेव्हा मला आधी आनंद झाला बघ. एक क्षणभर. मग तू सांगितलंस. मार्केट यार्डाला माल टाकून येताना हडपसरला सायकलवाला, धडक, त्याचं डोकं, तू घाबरून निघून आलास. मग तू एसटीने गेलास. झालं ते झालं. त्यावर मी आज काही लिहीत नाही.

टेम्पो इमारतीच्या मागे लावला आहे, निळी ताडपत्री घालून. धुतला. डावा दिवा आणि खालचा पत्रा सोडला तर काही दिसत नाही.

पण माझ्याकडून एक चूक झाली आहे, ती सांगते.

तू चर्चला येणं सोडलंस, त्यानंतर इंदुबाईंनी महिला मंडळात नवी शिस्त लावली. चर्चच्या दाराशी एक पेटी ठेवली आहे. ज्याला प्रार्थना हवी त्याने चिठ्ठी टाकायची, नाव लिहायची गरज नाही. इंदुबाई ती चिठ्ठी जशीच्या तशी वहीत उतरवतात, तारखेसकट, काना-मात्रा न बदलता. दर बुधवारी सगळ्या विनंत्या मोठ्याने वाचतात. मग साखळी सुरू. सकाळी सहापासून एकेका घराने एकेक तास धरायचा, आपला तास संपला की पुढच्या घरी फोन करायचा. विनंतीचं उत्तर आलं की मागणाऱ्याने रविवारी मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यायची, तेव्हा कुठे इंदुबाई वहीत रेघ मारतात. साक्ष नाही तर रेघ नाही. कुणाच्या तरी जावयाची दारू सुटावी म्हणून एक विनंती दीड वर्ष चालू आहे. जावई पितोच आहे आणि बायकाही सोडत नाहीत.

रविवारी सकाळी मी उपासनेआधी पेटीत चिठ्ठी टाकली. मला राहवलं नाही. तुझ्या पप्पांनी आयुष्यभर कानीकपाळी ओरडून शिकवलं होतं की देवाकडे मोघम मागू नये, नेमकं मागावं. म्हणून मी नेमकं लिहिलं. काल इंदुबाईंनी वाचलं, विनंती क्रमांक एक्केचाळीस: ‘शनिवारी पहाटे हडपसरला पांढऱ्या टेम्पोची धडक बसलेल्या सायकलवाल्या भावासाठी. डोक्याला मार आहे. प्रभू, त्याला जीवदान दे.’

सोमवारच्या पेपरात चार ओळींची बातमी होती, अज्ञात वाहनाने ठोकर दिली, पाहणारं कुणी नाही. पांढरा टेम्पो हे तुला ठाऊक, मला ठाऊक आणि वरच्याला. आता ते चाळीस बायकांनी ऐकलं आहे आणि उत्तर येईपर्यंत दर बुधवारी ऐकतील. कुणाच्या लक्षात आलं नाही. निदान काल तरी नाही.

वाचून झाल्यावर इंदुबाईंनी पर्समधून ती पेपरची बातमी काढली. म्हणाल्या, "हाच तो माणूस असणार. सरकारी दवाखान्यात आहे. कुसुम, तू इतकी वर्षं नर्स होतीस. मंडळाच्या वतीने रोज तूच जाऊन त्याच्याजवळ प्रार्थना कर."

चाळीस जणींच्या माना हलल्या. नाही कसं म्हणू? उद्यापासून जायचं आहे.

आई


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आमोद,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. ‘तो जिवंत आहे का एवढंच कळव, प्रार्थनेचं लिहू नकोस.’

जिवंत आहे. शुद्धीवर नाही.

त्याचं नाव उत्तरेश्वर. बार्शीकडचा. हडपसरला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन, रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी निघाला होता. वय अडतीस. बायको वेणू, मुलगी अवनी, दुसरीत आहे. डोक्याचं ऑपरेशन झालं, श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवली आहे. आता साध्या वॉर्डात आणलाय. डोळे मिटलेले असतात. चिमटा काढला तर हात ओढून घेतो. हे चांगलं लक्षण असतं. म्हणजे त्याच्यासाठी.

प्रार्थनेचं लिहू नको म्हणतोस, पण मग मी लिहू कशाचं? दिवसभर तेच तर करते. तुझा राग मला कळतो रे. पप्पांसाठी तू अकरा महिने गुडघे टेकलेस, आणि अकराव्या महिन्यात आपण त्यांना पुरलं. तू म्हणालास, वर कुणी ऐकत नाही. मी तेव्हा तुला एक थोबाडीत दिली. तेवढी द्यायला नको होती.

पहिल्या दिवशी मी त्या खाटेशी उभी राहिले तर वेणू लगबगीने उठली, स्टूल पुसून दिलं. म्हणाली, "बसा सिस्टर. तुमच्या देवाला सांगा वो. आमच्या देवाला सांगून सांगून माझं तोंड सुकलं." मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, प्रभू, याला उठव. ती हात जोडून ऐकत होती. तोंडाने मी ते म्हटलं. मनात त्याच वेळी दुसरं चाललं होतं. ते तुला सांगत नाही, तुला कळेल.

तेव्हापासून रोज दहाच्या बसने निघून अकराला पोचते. एका तोंडाने दोन प्रार्थना, आमोद. बाहेरची वेणूसाठी, आतली तुझ्यासाठी. इतकी वर्षं लोकांनी मला प्रार्थनेची बाई म्हटलं, तर घ्या आता प्रार्थनेची बाई!

वेणू आता माझी वाट बघते. एखाद दिवशी बस चुकली की जिन्यापर्यंत येऊन थांबते. काल म्हणाली, "तुम्ही आला की यांचा श्वास लागतो नीट." मला तिच्याकडे बघवेना. मी उगाच सलाईनची बाटली तपासत बसले.

पोलीस एकदा येऊन गेले म्हणे. माणूस शुद्धीवर आला की जबाब घेऊ, म्हणाले. म्हणजे तो उठला, बोलला, तर संपलं. आणि दर बुधवारी चाळीस बायका तो उठावा म्हणून जीव टाकतात. मीच लावून दिलं ते. आपल्या हाताने पायावर धोंडा.

इमारतीच्या मागे आपले सेक्रेटरी श्रीधरकाका यांनी ताडपत्रीवर कागद चिकटवला आहे: ‘सदर वाहन किती दिवस तोंड लपवून बसणार? पार्किंग सभासदांसाठी आहे, अज्ञातवासासाठी नाही.’ त्यांना काही माहीत नाही. त्यांचा तो स्वभावच आहे. पण चोराच्या मनात चांदणं, मी दोन दिवस खाली उतरले नाही.

आई


मंगळवार, २५ फेब्रुवारी

आमोद,

आज जे लिहिते आहे ते वाचून झाल्यावर फाडून टाक. नाही फाडलंस तरी चालेल, आता मला तेवढं वाटत नाही.

गेल्या गुरुवारी मी वॉर्डात पोचले. वेणू मला बघून म्हणाली, "सिस्टर, जरा बसताय का, खाली औषध घिऊन येते." गेली. वॉर्डात चाळीस खाटा आणि ड्यूटीवर दोन मुली, त्यांतली एक पलीकडे ड्रेसिंग करत होती. मी स्टुलावर बसले आणि उत्तरेश्वरच्या गळ्यातल्या नळीतून घरघर सुरू झाली. कफ अडकला होता. चौतीस वर्षं मी तो आवाज ऐकला आहे. झोपेत ऐकला तरी मी उठून बसेन. अशा वेळी नळीत बारीक पाइप घालून कफ ओढून काढायचा असतो, मिनिटाचं काम. मशीन खाटेशीच होतं. मी ते रोज करते, त्या मुलींनी मला मुभा दिली आहे.

मी उठले नाही.

त्याची छाती आत ओढायला लागली. ओठांचा रंग बदलायला लागला. मी बघत होते. माझे हात मांडीवर होते आणि मी प्रार्थना करत होते. काय, ते आता सांगते. पहिल्या दिवसापासून आत तेच चालू होतं: प्रभू, याला उठवू नकोस. न्यायचाच असेल तर ने, पण माझ्या मुलाला सोड. रोज मागितलं. सकाळी, दुपारी, बसमध्ये खिडकीशी बसून. चिकाटीने मागितलं. आणि देव माझ्यासमोर ते देत होता. हात नुसता मांडीवर ठेवायचा होता, बाकी काही करायचं नव्हतं.

किती वेळ गेला ते विचारू नकोस. फार गेला.

त्याचे डोळे उघडले. बघत नव्हते कुणाकडे, नुसते उघडले. आणि मी देवा रे म्हणून ओरडले आणि पाइप घातला. पहिल्यांदा तो लागलाच नाही. मग कफ निघाला. रंग परत आला. वेणू औषध घेऊन आली तेव्हा मी रडत होते. तिला वाटलं, मी त्याच्यासाठी रडतेय. तिने माझे डोळे आपल्या पदराने पुसले.

त्या दिवसापासून आतली प्रार्थना बदलली. मी ठरवलं, माणसाचा जीव मागायचा नाही, ते पाप माझ्या हातून होणार नाही. आता मी मागते, प्रभू, तो जगू दे, उठू दे, पण ती सकाळ त्याच्या डोक्यातून पुसून टाक. म्हणजे तोही वाचेल आणि तूही. यात कुणाचं काय वाईट आहे, सांग बरं? रोज मागते. नेमकं मागते.

पण मला रात्रीची झोप नाही. मला भीती वाटते आमोद, खरंच वाटते. पूर्वी प्रार्थनेला बसले की वाटायचं, कुणीतरी जवळ येऊन बसलं आहे. आताही वाटतं. पण आता ते बसत नाही, उभं राहतं, माझ्या मागे.

आई


गुरुवार, १३ मार्च

आमोद,

तो उठला.

सोमवारी नळीचं तोंड बंद करून बघितलं, तर त्याने पाणी मागितलं. वेणू किंचाळलीच. सगळा वॉर्ड गोळा झाला. पोलीस आले, दोन वेळा आले. विचारलं, कुठली गाडी होती, रंग कोणता, नंबर बघितला का? तो त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला काही आठवत नाही. ती सकाळ नाही, सायकल नाही, हडपसर नाही. त्यांनी तसं लिहून घेतलं आणि वही मिटली. तू सुटलास. मी मागितलं, ते मिळालं.

आता पुढचं वाच.

वेणूने अवनीला शाळेचा गणवेश घालून आणलं होतं, वेण्या बांधून, नवी रिबीन लावून. पोरीने खाटेजवळ जाऊन "पप्पा" म्हटलं. त्याने तिच्याकडे बघितलं, मग वेणूकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सिस्टर, ही कुणाची मुलगी?"

वेणूलाही तो ओळखत नाही. तिला मावशी म्हणतो, दवाखान्यातल्या मावशीला हाक मारावी तशी. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू, कदाचित नाहीही येणार, डोक्याचं काही सांगता येत नाही. वेणू हसत हसत त्याला सांगत होती, "आवो, मी वेणू. वेणू मी." पन्नास वेळा सांगितलं असेल. मग जिन्यात जाऊन बसली. मी मागे गेले तर म्हणाली, "सिस्टर, जीव वाचला, तुमच्या प्रार्थनेनं वाचला. म्या आता जास्ती मागत न्हाई. पर त्यास्नी माझं नाव तेवढं आठवावं, एवढं एक सांगा की तुमच्या देवाला."

मी एकच सकाळ मागितली होती, आमोद. एक सकाळ. बाकीचं मी मागितलं नव्हतं.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणतील, मार लागला होता, त्याने झालं. बरोबर आहे, मीही नर्स आहे, मला कळतं. पण मी तिथे बसून काय मागत होते ते डॉक्टरांना माहीत नाही.

काल इंदुबाई घरी आल्या. एकट्या, पिशवीत विनंतीवही. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाल्या. चष्मा लावून एक्केचाळीस नंबर काढला आणि मला विचारलं, "कुसुम, पेपरात अज्ञात वाहन आहे. बातमी सोमवारची, चिठ्ठी रविवारची. पांढरा टेम्पो कुणी सांगितलं गं?"

मी चहाचं भांडं ओट्यावर परत ठेवलं.

"मी पहिल्या बुधवारीच ओळखलं होतं," म्हणाल्या. "अक्षरही तुझंच. पुढचे सात बुधवार वाचताना मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. वाटायचं, आज उठेल, आज उठेल."

"मग पोलिसांत का नाही गेलात?"

"चिठ्ठी पोलिसांना लिहिली होतीस का? देवाला लिहिली होतीस. मी कोण मध्ये पडणारी?" त्यांनी वही मिटली. "पण मी रेघ मारणार नाही. माणूस उठला, उत्तर आलं. मागणाऱ्याने साक्ष द्यायची. देईपर्यंत दर बुधवारी वाचणार. मी मेले तर दुसरी कुणी वाचेल."

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं थोडंच.

पाळकसाहेब दरवर्षी उपवासाच्या दिवसांत बायबलातल्या त्या विधवेवर बोलतात, तुला आठवत असेल, लहानपणी ऐकलं आहेस. न्यायाधीश वाईट, दाद देत नाही, पण ती रोज त्याच्या दारात जाऊन उभी राहते आणि शेवटी त्याला उठावंच लागतं. मी जन्मभर स्वतःला ती विधवा समजत आले. पप्पा गेल्यावर तर जास्तच. आता कळतंय की दारात वेणू उभी आहे. रोज अकरा वाजता. आणि आतून कडी लावून बसलेली मी आहे.

आणखी एक लिहायचं आहे. पहिल्या पत्रात मी लिहिलं, तू गेलास. तसं नव्हतं. तू दारात उभा होतास, तुझ्या शर्टाच्या बाहीला त्याचं डोकं उचलून बघताना लागलेलं रक्त होतं, आणि तू म्हणालास, आई, मी परत जातो, त्याला दवाखान्यात नेतो, मग चौकीवर जातो. तू जायला वळलाही होतास. मी तुझा हात धरला. मी तुला आत ओढलं, शर्ट काढायला लावला, कपाटातले पैसे दिले आणि म्हटलं, जालन्याला जा. तू म्हणालास, तो मरेल. मी म्हटलं, मी प्रार्थना करते. हे मी म्हटलं, आमोद. तुझा गुन्हा एका क्षणाचा होता. त्याच्यावर उरलेला डोंगर मी रचला.

रविवारी, २३ तारखेला, मी साक्ष द्यायला उभी राहणार आहे. वेणूही येणार आहे, उत्तरेश्वरला घेऊन, देवाचे आभार मानायला. त्या रविवारच्या आत तू ये. दोघं मिळून उभं राहू. तुझ्या पायांनी चौकीवर गेलास तर वेगळं, धरून नेलं तर वेगळं. हात जोडते, ये.

आई


रविवार, २३ मार्च, दुपारी चार

आमोद,

तुझं पत्र शुक्रवारी आलं होतं. ‘आई, त्याला आठवत नाही ना? मग कशाला उकरतेस? मी प्रार्थनेवर विश्वास ठेवत नाही, पण ही लागू पडली म्हणायची. आता विषय संपव.’

मी ते तीनदा वाचलं. अक्षर तुझं आहे आणि बोलणं माझं आहे. दोन महिन्यांपूर्वी शर्टाला रक्त घेऊन परत जायला निघालेला मुलगा होता माझा. त्याला मी जालन्याला पाठवला आणि तिकडे हा दुसराच कुणी तयार झाला. उत्तरेश्वरला त्याची बायको आठवत नाही. तुला तू आठवत नाहीस. दोन्ही माझीच मागणी.

तरी सकाळी उपासना सुरू झाल्यावर मी दाराकडे बघत होते. पहिलं गीत झालं, दुसरं झालं. उशिरा येणारे सगळे येऊन बसले.

वेणू पुढच्या बाकावर होती, हिरवं लुगडं नेसून. उत्तरेश्वर चाकाच्या खुर्चीत, अवनी त्याच्या शेजारी. ती त्याला पंखे मोजून दाखवत होती. इंदुबाईंनी एक्केचाळीस नंबर वाचला आणि म्हणाल्या, "ज्याने मागितलं त्याने उभं राहावं." मी उभी राहिले. सगळ्यांचे चेहरे खुलले, म्हणजे सिस्टरच! दोघी-तिघींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मी म्हटलं, "चिठ्ठी माझी आहे. पांढरा टेम्पो माझ्या मुलाचा, आमोदचा आहे. तो परत जाऊन त्यांना उचलणार होता, मी त्याला पळवलं. टेम्पो माझ्या घरामागे उभा आहे."

टाळ्या थांबल्या. पाळकसाहेब पायरी उतरून अर्ध्यावर आले आणि तिथेच थबकले. मला वाटलं, वेणू अंगावर धावून येईल. आली असती तर बरं झालं असतं. ती बसल्या जागेवरूनच बोलली, हळू, जशी माझ्याशी वॉर्डात बोलायची तशी.

"सिस्टर, मग तुम्ही रोज येऊन काय मागत व्हता?"

मी सांगितलं. पहिले अठ्ठावीस दिवस काय मागितलं ते आणि त्यानंतर काय मागितलं ते. तो गुदमरत असताना मी हात बांधून बसले होते, तेही. सगळ्या मंडळीसमोर. ज्या बायका पहाटे उठून त्याच्यासाठी गुडघे टेकत होत्या, त्यांच्यासमोर. बोलत असताना मला वाटत होतं की आता छप्पर तरी पडेल. काही पडलं नाही. उत्तरेश्वर माझ्याकडे बघून हसत होता, त्याला मी तेवढी ओळखीची आहे.

वेणूने ऐकून घेतलं. मग खुर्चीचे ब्रेक सोडले, पोरीचा हात धरला आणि मधल्या वाटेने नवऱ्याला ढकलत बाहेर गेली. माझ्याजवळून जाताना थांबली नाही. मी तिच्याकडे क्षमा मागितली नाही. कुठल्या तोंडाने मागणार? ते आता रोज मागायचं आहे. देईल तेव्हा देईल, न देईल तर न देईल.

इंदुबाईंनी वही उघडली आणि एक्केचाळीस नंबरवर रेघ मारली. मग खाली नवा नंबर टाकला आणि मला पेन दिलं. मी लिहिलं: ‘आमोदसाठी.’ पुढे नेमकं काय लिहावं ते सुचेना. जन्मात पहिल्यांदा मोघम विनंती टाकली. त्या म्हणाल्या, राहू दे, असंच राहू दे.

तिथून आम्ही दोघी चौकीवर गेलो. माझा जबाब झाला. टेम्पो न्यायला त्यांची माणसं माझ्याबरोबर आली तेव्हा श्रीधरकाका गॅलरीत उभे होते, पहिल्यांदा त्यांना काही सुचलं नाही. माझ्यावरही केस होईल, व्हायलाच हवी.

जालन्याचा पत्ता मी दिला आहे. मीच दिला, कुणी काढून घेतला नाही.

संजयकाकांना फोन केला असता तर तुला कळवता आलं असतं. पण तुझा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा म्हटलं असतं, पळ. माझा मला भरवसा नाही. म्हणून फोन इंदुबाईंच्या पिशवीत टाकला आहे आणि हे पत्र चौकीवरच बसून लिहिते आहे. उद्या पहाटे इथून दोघे जण जालन्याला निघतील, त्यांच्याकडे हे द्यायचं आहे. साहेब आधी नाही म्हणाले. इंदुबाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं, मग म्हणाले, द्या.

म्हणजे तू हे वाचत असशील त्या वेळी ते तुझ्यासमोर उभे असतील. मागच्या दाराने जाऊ नकोस. दोघेही तुझ्याच वयाचे आहेत, सकाळपासून प्रवासात असतील, त्यांना पाणी विचार. तू जेवला नसशील तर जेवून घे, तेवढं थांबतील, मी कबूल करून घेतलं आहे. संजयकाकांचे पाय धर. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, गाडीत वारं लागतं. पंप खिशात आहे ना, बघ. मी इथे दारातच बसले आहे.

आई